आतले नाक : नगर मुलखातील एका शल्यकर्माचा पूर्ववृत्तान्त

अकोले तालुक्यात सह्याद्रीची रांग ओलांडून पूर्वेस उतरू लागले, म्हणजे पावसाचे मान झपाट्याने घटत जाते, आणि संगमनेर मागे टाकून पाथर्डी-जामखेडच्या माळांवर येईपर्यंत हवा इतकी कोरडी व धुळकट होते की, चैत्र-वैशाखातील वावटळींनी झाकून ठेवलेली भांडीदेखील प्रहरभरात मातकट व्हावीत. जिल्ह्याच्या उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला उसाचा पट्टा, तेथे गळिताच्या हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांचा आणि शेतोशेती जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा धूर. दक्षिणेस अवर्षणाची कायमची वस्ती. आणि संगमनेर व खुद्द नगर येथे घरोघर विड्या वळणाऱ्या बायांच्या सुपांतून उठणारी तंबाखूची बारीक धूळ. अशा मुलखात बारमाही सर्दीचा माणूस कोणत्या गावात नाही? नाक चोंदलेले, कपाळ जड, गालफडे ठणकणारी, घशात सतत ओघळ उतरणारा आणि भाकरी भाजल्याचा वासही नाहीसा झालेला असा मनुष्य वर्षानुवर्षे ओव्याची पुरचुंडी हुंगत, वेखंड-सुंठेचा लेप कपाळाला लावीत व निलगिरीचा वाफारा घेत दिवस काढतो, आणि हे दुखणे आपल्या प्रकृतीचाच भाग आहे अशी त्याची व घरच्यांची समजूत होऊन बसते. बारा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या या दाहास आजचे वैद्यक जीर्ण सायनसशोथ म्हणते.

या विकारावरील चिकित्सेचा इतिहास हा बव्हंशी दृष्टीचा आणि प्रकाशाचा इतिहास आहे. नासिकेच्या दोन्ही बाजूंस, डोळ्यांच्या मध्ये, कपाळाच्या हाडात व पार मागे कवटीच्या तळाशी मिळून ज्या चार जोड्या पोकळ्या आहेत, त्यांच्या दारापर्यंत माणसाची नजर केव्हा पोहोचली, आणि ती नजर परदेशच्या विद्यापीठांतून निघून नगरसारख्या जिल्ह्यात कोणत्या वाटेने आली, हे पाहणे मला शल्यकर्माच्या तांत्रिक वर्णनाइतकेच अगत्याचे वाटते.

आपल्याकडील प्राचीनांनी या प्रदेशाकडे दुर्लक्ष केले होते असे मुळीच नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात एकतीस नासारोग गणले. त्यांत पीनस आहे, प्रतिश्याय आहे, आणि नाकातील मांसांकुर, ज्यांस नासार्श म्हणतात, तेही आहेत. पण मला त्याहून विलक्षण वाटते ती वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील एक छोटीशी नोंद. यंत्रांचे वर्णन करताना त्याने नाकातील अर्श व अर्बुद यांच्यासाठी एक नाडीयंत्र सांगितले आहे: लांबी दोन अंगुळे, घेर तर्जनीएवढा, आणि बाजूस एकच छिद्र. नळी आत सरकवावी, छिद्रासमोर विकार आणावा, आणि तेवढ्याच भागावर क्षार किंवा शस्त्र चालवावे, आजूबाजूच्या त्वचेस धक्का लागू नये, ही त्यामागची बुद्धी उघड आहे. याच ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. ज्या रामचंद्र यादवाच्या राज्यात १२९० साली प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच राज्याच्या दिवाणी कारभारातील एक धुरंधर मनुष्य वैद्यकाच्या सूत्रांची उकल करीत बसला होता, ही गोष्ट नगर जिल्ह्याच्या इतिहासलेखकांनी अधिक अभिमानाने सांगावयास हवी. दोन अंगुळांची ती नळी मात्र दोन अंगुळेच पाहू शकत होती. तिच्यापुढे जो अंधार होता, तो पुढील कित्येक शतके तसाच राहिला.

१४९० मध्ये मलिक अहमदाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पाडाव करून निजामशाहीचा पाया घातला, आणि सीना नदीच्या काठी जे शहर उभे राहिले त्यात इराणातून आलेले आलिम, शायर व हकीम यांचा राबता वाढला. हकिमी शास्त्रात या दुखण्यास नजला म्हणत, आणि मेंदूतील दूषित द्रव खाली झिरपून नाकात व घशात उतरतो, अशी युनानी परंपरेतून आलेली उपपत्ती तेथे प्रमाण मानली जाई. आपल्या वैद्यांची कफाची कल्पनाही तिच्यापासून फार दूर नव्हती. इतिहासकार म्हणून गाजलेला मुहम्मद कासिम फिरिश्ता हा लहानपणी याच नगरात वाढला, कारण त्याच्या पित्यास येथील शाहजाद्याच्या फारसीच्या तालमीसाठी नेमले होते. १५८९ साली राजधानीतील रक्तपाताला कंटाळून तो विजापुरास निघून गेला, आणि त्याने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहून हिंदी वैद्यकाचे सिद्धान्त व औषधी फारसी वाचकांस समजावून दिल्या. दोन परंपरांची अशी देवघेव झाली. तथापि दोहोंतही नाकाच्या आतील रचनेचे प्रत्यक्ष दर्शन कोणास घडले नाही. मेंदूतून श्लेष्म गळतो ही समजूत चुकीची असून तो नाकाच्या अंतस्त्वचेतच तयार होतो, हे विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडरने १६६० च्या सुमारास दाखवून दिले. गालाच्या हाडातील मोठ्या पोकळीचे सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने त्याच्या थोडे आधी, १६५१ मध्ये, छापले होते.

येथे शेजारच्या पुण्याची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. टिपूशी झालेल्या युद्धात कावसजी नावाचा, इंग्रजांच्या लष्करातील बैलांचा गाडीवान कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्यात एका विटा भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्यास नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्य ते पाहण्यास हजर होते, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तो वृत्तान्त सचित्र प्रसिद्ध होताच युरोपातील शल्यशास्त्रास नवी दिशा मिळाली. १८१४ साली जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये तीच पद्धत प्रथम वापरली. महाराष्ट्राच्या अनामिक कारागिराने जगास एवढे मोठे दान दिले. पण ते दान बाहेरच्या नाकाचे होते, भर उजेडात मोजता-मापता येणाऱ्या अवयवाचे होते. जिवंत माणसाचे आतले नाक मात्र तो कारागीर, त्यास पाहणारे इंग्रज शल्यवैद्य आणि तत्कालीन लंडनचे पंडित यांपैकी कोणालाच पाहता येत नव्हते.

१८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला, पेशवाई बुडाल्यावर जिल्ह्यात कंपनी सरकारचा अंमल बसला, आणि छावणी, कचेरी, तुरुंग यांच्या मागोमाग सरकारी दवाखानाही आला. या काळातील इंग्रज डॉक्टरांना आपल्या रयतेच्या नाकाची जी बाजू दिसली ती भयंकर होती. जीर्ण विकाराने नाकाची अंतस्त्वचा सुकून, खपल्या धरून दुर्गंधी सुटली, संवेदना मेली, म्हणजे निजलेल्या माणसाच्या नाकात माशी अंडी घालून जाई आणि आतून अळ्या पडत. त्या विकाराचे ‘पीनस’ हे देशी नावच त्यांनी आपल्या वैद्यकीय नियतकालिकांत वापरले. टर्पेंटाइनचे थेंब टाकून चिमट्याने एकेक अळी काढीत बसणे, हाच काय तो इलाज. दुष्काळ, कुपोषण आणि उघड्यावरची झोप यांचा या विकाराशी किती निकट संबंध होता, हे नगरच्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरला ठाण मांडले होते. शाळा व छापखान्यांनंतर वैद्यकाकडे तिचे लक्ष गेले, आणि १९०४ साली स्त्रिया व मुले यांच्यासाठी शहरात रुग्णालय उघडले गेले. नगरच्याच मिशनरी कुटुंबांत वाढलेल्या ज्युलिया बिसेल आणि रूथ ह्यूम या दोन स्त्री-डॉक्टरांचे श्रम त्यामागे होते. हेच रुग्णालय कालांतराने मुक्तिफौजेकडे गेले आणि आज सारे शहर त्यास बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखते. दुसऱ्या बाजूने वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये नगरला आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. औषधींच्या गुणधर्मांवरील त्यांचा ग्रंथ वैद्यमंडळींत आजही मानला जातो. नस्य, धूमपान, अणुतैल, षड्बिंदुतैल ही जी नासाचिकित्सेची पिढीजात सामग्री खेडोपाडीच्या वैद्यांकडे विस्कळीत स्वरूपात होती, तिला शिस्तशीर अध्यापनाचे अधिष्ठान मिळाले, हे गुणेशास्त्र्यांचे ऋण मोठे आहे. नाकात स्निग्ध औषध सोडणे व मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे, या गोष्टींना त्या काळच्या पाश्चात्त्य पदवीधरांनी पुष्कळदा हसून टाकले. त्यांतील दुसऱ्या गोष्टीचे पुढे काय झाले, ते यथावकाश येईलच.

शस्त्राच्या क्षेत्रात या सुमारास युरोप-अमेरिकेत मोठी धामधूम चालू होती. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या हेन्री ल्यूकने, परस्परांशी संबंध नसता, एकच कृती सुचविली: वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर छेद घ्यावा, गालाचे हाड फोडून पोकळीत शिरावे, आतील सारी रोगट त्वचा खरवडून काढावी, आणि पू वाहून जाण्यासाठी नाकाच्या तळाशी नवीन भोक पाडावे. कॉल्डवेल-ल्यूक या जोडनावाने ही शस्त्रक्रिया पुढील पाऊणशे वर्षे जगभर चालली, आणि पुण्याच्या ससून व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत शिकून बाहेर पडलेल्या आपल्या डॉक्टरांनीही तीच केली. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून नगरच्या रोग्यास पुणे-मुंबई गाठणे शक्य झाले होते. तथापि गाल सुजलेला, ओठ व दात बधिर झालेला रोगी परत आला की, गावातील दुसरा रोगी त्या वाटेस जाण्याचे नाव काढीत नसे. त्यापेक्षा सौम्य उपाय म्हणजे नाकातून जाड सुई खुपसून पोकळी धुऊन काढणे. तो एकाच रोग्यावर पुनःपुन्हा करावा लागे. डोळ्यांमधील हाडांच्या जाळीवर आतून शस्त्र चालविणे तर इतके धोक्याचे होते की, बोस्टनच्या हॅरिस मोशरसारख्या निष्णात शल्यवैद्याने रोग्याचा जीव घेण्याच्या सर्वांत सोप्या कृतींत तिची गणना केली. एका बाजूस कागदासारखे पातळ हाड व त्यापलीकडे डोळा, वर चाळणीसारखे हाड व त्यापलीकडे मेंदू, आणि मध्ये रक्ताने भरलेल्या अंधारात चाचपडणारे शस्त्र, अशी ती अवस्था होती.

१९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात जे राष्ट्रीय पुढारी स्थानबद्ध होते, त्यांत आचार्य नरेंद्र देव हे दम्याने जर्जर झालेले होते. नाक आणि फुप्फुस हे एकाच श्वासमार्गाचे दोन भाग असून एकाची सूज दुसऱ्यास भोवते, नाकातील मांसांकुर व दमा पुष्कळदा हातात हात घालून चालतात, हा विचार त्या वेळी चिकित्सेत रुजलेला नव्हता. त्या कैदेच्या इतिहासात ग्रंथलेखनाची हकीकत सर्वत्र आढळते. त्या विद्वान पुरुषाच्या श्वासाची हकीकतही तीत असावी, असे मला फार वाटते.

खरा पालट झाला तो ऑस्ट्रियातील ग्राझ या गावी. वॉल्टर मेसरक्लिंगर या प्राध्यापकाने विच्छेदनगृहात व पुढे जिवंत माणसांत नासिकेच्या अंतस्त्वचेवरील सूक्ष्म केसांची हालचाल वर्षानुवर्षे निरखली, तिचे चलच्चित्रण केले, आणि एक आश्चर्यकारक नियम त्याच्या हाती लागला. हे केस श्लेष्माचा पातळ थर अहोरात्र पुढे ढकलीत असतात. नाकातील तो थर दहा-वीस मिनिटांत नवा होतो. आणि प्रत्येक पोकळीतील प्रवाह ठरलेल्या मार्गाने तिच्या नैसर्गिक मुखाकडेच जातो. मग ते मुख वर असो, अडचणीचे असो, की शल्यवैद्याने खाली सोयीचे दुसरे भोक पाडून ठेवलेले असो. कॉल्डवेल आणि ल्यूक यांच्या भोकाला वळसा घालून श्लेष्म आपल्या जुन्या दाराशी जात होता, आणि ते दार बंद असल्यामुळे तेथेच कुजत होता. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या गावांहून नगर शहरात पाणी आणणारे जे खापरी नळ भुईखालून खेळविले होते, त्यांपैकी एखाद्याच्या सांध्यात गाळ अडकल्यावर कोणी हौद फोडावयास निघत नसे, तर तो सांधा शोधून मोकळा करी. मेसरक्लिंगरने नाकाच्या बाबतीत हाच न्याय लावला. कपाळाची, गालाची व डोळ्यांमधील पुढच्या कोशांची मुखे नाकाच्या मध्यभागी एका अरुंद गल्लीत एकत्र येतात, तेवढी गल्ली मोकळी केली की आतली सुजलेली त्वचा खरवडावी लागत नाही, ती आपली आपण पूर्वपदावर येते, असे त्याचे प्रतिपादन होते. रोगट दिसणाऱ्या शरीरावर विश्वास ठेवावयास सांगणारा हा विचार शल्यशास्त्राच्या इतिहासातील अत्यंत थोर विचारांपैकी एक आहे, असे माझे निश्चित मत आहे.

त्या विचारास दोन साधनांची जोड मिळाली. हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाने काचेच्या दांड्यांची भिंगे बसवून केलेली, पेन्सिलीहून बारीक पण लख्ख चित्र देणारी दुर्बीण जर्मनीतील कार्ल स्टोर्झच्या कारखान्याने १९६० नंतरच्या दशकात बाजारात आणली. १९७१ साली हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याचे सी.टी. चित्र निघाले, आणि कवटीतील हाडांचा नकाशा शस्त्र लावण्यापूर्वीच डोळ्यांसमोर ठेवता येऊ लागला. मेसरक्लिंगरचे पुस्तक १९७८ मध्ये इंग्रजीत आले. त्याचा शिष्य हाइन्झ स्टॅमबर्गर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डेव्हिड केनेडी यांनी १९८५ पासून ही विद्या युरोपबाहेर पसरविली. आज नगरच्या रोग्यांच्या तोंडी जिचे नाव ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ आहे, ती ‘फेस’ शस्त्रक्रिया हीच.

आता नगर जिल्ह्याकडे वळू. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला व १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले, ही घटना अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून सर्वांस परिचित आहे. त्या साखरेतून निघालेल्या सार्वजनिक पैशाने व पुढाकाराने १९८४ साली त्याच लोणीत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही तिचीच पुढील शाखा होय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले म्हणजे कान-नाक-घशाचा स्वतंत्र विभाग, त्याचे अध्यापक, शिकाऊ डॉक्टर आणि यंत्रसामग्री ओघानेच येते; ज्या विद्येसाठी पूर्वी पुण्यास जावे लागे, तिचे विद्यापीठ उसाच्या फडांमध्ये उभे राहिले. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, जामखेडला, रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून खेड्यातील निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि १९७९ मध्ये त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांचे काम नाकाचे नव्हते, माता-बालकांचे व कुष्ठरोग्यांचे होते. परंतु दुखणे अंगवळणी पडण्यापूर्वी ते ओळखणारे कोणी तरी वस्तीत असले पाहिजे, ही त्यांची शिकवण नाकाच्या रोग्यासही तितकीच लागू पडते. २०१३ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सबंध राज्यास लागू झाली, पुढे तीस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि गरिबास मोठ्या शस्त्रक्रियेचे दार काहीसे किलकिले झाले.

शस्त्रक्रियेची रीत थोडक्यात अशी. रोग्यास भूल देऊन, नाकातील रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून औषधात भिजविलेल्या पट्ट्या भरून, एका हाताने दुर्बीण व दुसऱ्याने बारीक शस्त्र नाकपुडीतूनच आत नेतात. चेहऱ्यावर कोठेही छेद नसतो. पडद्यावर मोठे झालेले चित्र पाहत शल्यवैद्य मांसांकुर काढतो, आकड्यासारखे वळलेले एक पातळ हाड दूर करतो, गालाच्या पोकळीचे मूळचे मुख रुंद करतो आणि निकोप त्वचेस शक्य तो हात लावीत नाही. पुष्कळसे रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या तळाशी भिडलेली असतात, आणि किडलेल्या दाढेचा पू कधी कधी तेथे उतरतो. म्हणून दात तपासल्यावाचून नाकास हात लावू नये, हा नियम जाणते डॉक्टर कटाक्षाने पाळतात. कित्येकांच्या पोकळ्यांत बुरशीचा घट्ट, चिकट साठाही निघतो.

बुरशीने आपले अक्राळविक्राळ रूप दाखविले ते २०२१ च्या उन्हाळ्यात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांच्या नाकात म्युकरमायकोसिस शिरला. गाल बधिर, डोळा सुजलेला, टाळूवर काळा डाग, अशा अवस्थेत महाराष्ट्रभर रोगी येऊ लागले. मे महिन्यात केंद्राने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदविण्याचे फर्मान काढले, राज्याने त्याचा इलाज महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घातला, आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून वणवण फिरले. ही बुरशी तासातासाने पसरते. औषध एकटे पुरत नाही, मृत झालेला भाग काढलाच पाहिजे, आणि तो काढण्यासाठी लागणारी दुर्बीण व तिच्यामागची तयार नजर तीच, जी जुनाट सर्दीच्या रोग्यांवर वर्षानुवर्षे हात बसवून तयार झाली होती. आपल्या जिल्ह्या-तालुक्यांत ती नजर आधीपासून रुजली नसती, तर त्या उन्हाळ्यात किती डोळे व किती जीव गेले असते, याची कल्पना करवत नाही.

२०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला. चौंडीच्या लेकीचे, अहिल्याबाईंचे, नाव त्यास लाभले. शस्त्रक्रियेनंतरची व्यवस्था मात्र अद्याप पुरी लागलेली नाही, आणि तिच्याविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. दुर्बिणीचे काम संपले म्हणजे उपचार संपत नाही. पहिले काही आठवडे ठरलेल्या दिवशी येऊन आतल्या खपल्या व गोठलेले रक्त काढून घ्यावे लागते, नाही तर मोकळी केलेली मुखे पुन्हा चिकटतात. आणि ज्यांना मांसांकुरांची खोड आहे त्यांच्यात ते काही वर्षांनी पुन्हा उगवू शकतात. रोज मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवावे, असे आता सर्व देशांतील तज्ज्ञ लिहून देतात. आपल्या जलनेतीस शास्त्रीय मान्यतेची ही सनद उशिरा का होईना मिळाली. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतो, फडाशेजारच्या कोपीत राहतो, पहाटे अंधारात कोयता घेऊन निघतो आणि पाचटाच्या धुळीत दिवस काढतो. त्यास ठरल्या तारखेस शंभर मैलांवरच्या दवाखान्यात परत ये म्हणून सांगणे, म्हणजे न येण्याचीच तजवीज करणे होय. कारखान्यांच्या तळांवर हंगामात आठवड्यातून एकदा कान-नाक-घशाचा डॉक्टर दुर्बीण घेऊन बसेल, एवढा बंदोबस्त या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना आणि त्यांच्या वैद्यकीय संस्थांना अवघड नाही. पैसा, माणसे, इमारती व वाहने या चारही गोष्टी त्यांच्यापाशी आहेत, आणि मजुरांच्या टोळ्यांची नावनिशीवार यादीही त्यांच्याच दप्तरात असते.